मोरसहून आलेला

दुकानात काही आवडले की तो आधी त्या दुकानावरून पुढे निघून जाई. वाडीच्या टोकापर्यंत चाले, वळे, आणि इच्छा तेवढीच उरली असेल तरच परत येऊन वस्तू घेई. "हौस जरा फिरवून आणतो," तो म्हणे. "खरी असंल तर दमायची नाही." आमचा वाणी पुडी बांधून हातात धरून बसे आणि तो वळतो का पाहत राही. बहुतेक वेळा पुडी पुन्हा सोडावी लागे.

तुम्ही म्हणाल, चिकट असेल. तसा तो मुळीच नव्हता.

तो मॉरिशस बेटावरून मुंबईला कॉलेजात शिकायला आला होता. तिथून येणाऱ्या साखरेला आपण मोरस म्हणतो, म्हणून वाडीने त्याचेही नाव मोरस ठेवले. त्याच्या आजाला रत्नागिरीकडून बोटीत घालून ऊस तोडायला नेले होते. बापाने पुढे स्वतःचा थोडा ऊस केला आणि मुलाला आजाच्या मुलखात शिकायला धाडले. त्याची मराठी त्या आजाचीच, आमच्या आजोबांच्या पिढीची, आणि मध्येच फ्रेंच शब्द. आम्ही दोघे एकाच वर्गात होतो. आमच्या वाडीतली जिन्याखालची खोली त्याने भाड्याने घेतली होती.

आला तेव्हा मात्र त्याला पैशाचा काही अंदाज नव्हता. मांडवीतल्या एका साखरेच्या शेटजींकडे बापाची हुंडी येई, आणि हातात सहा महिन्यांचा खर्च एकदम पडे. त्याने चकचकीत बूट घेतले, आम्हाला व्हिक्टोरिया गाडीतून चौपाटीला नेले, फोटो काढवला. दोन महिन्यांत हुंडी संपली. पुढचे कित्येक दिवस तो चुरमुरे खाऊन कॉलेजात येत होता, हे आम्हा मित्रांच्या लक्षात आले नाही. लक्षात आले माझ्या आत्याच्या.

आत्या विधवा होती आणि आमचे घर तीच चालवी. सोवळे कडक. त्याची जात वेगळी, त्यातून समुद्र ओलांडलेला, म्हणजे घरात घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याला उपाशी पाहणेही तिला जमेना. तिने त्याला शेगडी घेऊन आमच्या दारासमोर गॅलरीत बसायला सांगितले आणि स्वतः उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसली.

"पाणी जास्त झालं," ती आतून म्हणे.

"तुम्हाला दिसतंय व्हय तिथनं?"

"दिसत नाही. आवाजावरून कळतं. झाकण काढ."

असा तो भात शिकला, आमटी शिकला. तांदूळ नवा येताच घेऊन ठेवावा, पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलांकडून घ्यावीत, कोळसा एकट्याने न घेता शेजाऱ्यांबरोबर मिळून घ्यावा, हे सगळे तिने त्या उंबऱ्यावरून शिकवले. तो दर सल्ल्याला मान डोलावून म्हणे, "भागंल." हळूहळू खरेच भागू लागले. गंमत अशी की साखरेच्या बेटावरचा हा मुलगा चहात गूळ घाली, कारण गूळ स्वस्त पडे.

शेवटच्या वर्षी तिकडे मोठे वादळ झाले. बापाचा ऊस आडवा झाला, हुंडी बंद पडली. शेटजींनी त्याला बोलावून घेतले. त्यांच्या पेढीवर मॉरिशसची पत्रे फ्रेंचमध्ये येत आणि ती वाचणारा कोणी नव्हता. "कॉलेज सोड, इथे गादीवर बस," ते म्हणाले. पगार चांगला देऊ केला. घरीही पैसे पाठवता आले असते.

तो संध्याकाळी आमच्या गॅलरीत येऊन बसला. शेगडी पेटवली नाही.

"शिकून तिकडे करणार काय तू?" आत्याने विचारले.

"आज्यानं कागदावर आंगठा लावला होता," तो म्हणाला. "पाच वर्सांचा करार म्हणून सांगितलं. परतीचं सांगितलंच नाही कुणी. अजूनबी आमच्याकडं लोक आंगठाच लावतात. एखादा वाचणारा असावा म्हणून मला धाडलं."

आत्याने पाट उंबऱ्याजवळ ओढला. मग म्हणाली, "सकाळी दोन तास त्यांची पत्रं वाच. नंतर कॉलेज. असं विचार त्यांना."

"आन् नाही म्हणाले तर?"

"मांडवीत साखर एकटे तेच विकतात का?"

शेटजी आधी नाहीच म्हणाले. तो नमस्कार करून शेजारच्या पेढीची पायरी चढू लागला, तेव्हा त्यांनी मुनीम धाडून त्याला परत बोलावले. हे सांगताना तो इतका हसला की आत्यालाही पदर तोंडाला लावावा लागला. वर्षभर तो पहाटे उठून मांडवीला चालत जाई आणि तिथून धापा टाकत वर्गात येई. खोलीत त्याने एक पोटभाडेकरू घेतला. परीक्षेची फी त्याने स्वतःच्या कमाईतून भरली, आणि तो पास झाला. माझ्यापेक्षा वर.

बोटीच्या आदल्या दिवशी दुपारी आत्याने स्वयंपाकघरात पान मांडले आणि त्याला हाक मारली.

"आत ये."

तो उंबऱ्याशी थबकला. "आत्याबाई, मी समुद्र ओलांडलेला."

"ठाऊक आहे. उद्या पुन्हा ओलांडणारच आहेस. बस."

तो बसला. ती वाढत राहिली. भात नीट झालाय का, असे तिने त्याला दोनदा विचारले. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली आणि तो जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आत्या बंदरावर गेलो. ती त्याआधी कधी बंदरावर गेली नव्हती. डेकवर तिकडे ऊस तोडायला निघालेल्या मजुरांची दाटी होती. त्या दाटीत तो आपल्या ट्रंकेवर बसलेला दिसला. आत्याने दिलेल्या लाडवांचा डबा उघडून तो शेजारच्या बाईच्या पोरांना एकेक लाडू देत होता आणि त्यांना काहीतरी सांगत होता. बोट हलली. आम्ही हात हलवत राहिलो. पोरांच्या नादात त्याने आमच्याकडे पाहिलेच नाही. आत्या म्हणाली, "असू दे, हाक मारू नकोस."