येते म्हणून गेली

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पनवेलच्या एका साप्ताहिकात होतो. दुपारची फेरी पोलीस ठाण्याची असे. तिथे महिला दक्षता समितीच्या बाकावर सिस्टर बसत. त्या मूळच्या नेपाळच्या. आपल्या लष्करी रुग्णालयांत त्यांनी बरीच वर्षं परिचारिका म्हणून काढली होती. फौजेतून निवृत्त झालेल्या नवऱ्याला इकडे कारखान्यावर रखवालीचं काम मिळालं, तशा त्याही सुकापूरला राहायला आल्या. चाळीत मारहाण झाली की त्या सरळ आत शिरत, मारणाऱ्याचा हात धरत आणि आधी जखम बघत. हे फौजदारांच्या कानावर गेलं. त्यांनीच सिस्टरना समितीवर घेतलं.

हवालदार चिडवत, "सिस्टर, इथं दंडुका चालतो, इंजेक्शन नाही."

"दंडुका राहू द्या. तुमची शुगर कधी बघितली?" सिस्टर विचारत. त्यांची मराठी हिंदीच्या आधाराने चाले, पण अडत नसे.

एका उन्हाळ्यात वीटभट्टीवरची एक कातकरी बाई आली. नवऱ्याने मनगटावर फावड्याचा दांडा घातला होता. सिस्टरनी पट्टी बांधली, चहा मागवला. तक्रार झाली की तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं. पण तक्रार घेणारे साहेब बंदोबस्तावरून परतायचे होते. बाई बराच वेळ दाराकडे बघत बसली. मग उठली.

"येते, बाय."

"या, या," सिस्टर म्हणाल्या.

हिंदीत 'आती हूँ' म्हणून गेलेलं माणूस लगेच परततं. निरोप घेताना 'जाते' म्हणू नये, हे आपल्याला लहानपणीच कळतं. सिस्टरना ते कुणी सांगितलं नव्हतं. बाईचं मूल भट्टीवर राहिलं असेल, त्याला आणायला गेली असेल, असं समजून त्यांनी चहा झाकून ठेवला. साहेब आले, त्यांनाही बसवून घेतलं.

"थांबा, ती येते म्हणाली."

हवालदाराला हसू आवरेना. "अहो सिस्टर, येते म्हणजे गेली ती!"

त्या तशाच निघाल्या. त्यांच्याबरोबर मीही रिक्षात बसलो. करंजाड्याच्या बाजूला भट्टी होती. बाईची खोपी रिकामी होती, चुलीतली राख अजून गरम. मुकादमाने हात वर केले. शेजारची बाई तेवढी बोलली, "दादल्यानं ट्रकात बसवली नि नेली. कुठं, ते ठावं नाय." मग तिने सिस्टरना विचारलं, "तुमच्याकडंच गेल्ती ना? तुमाला सांगून नाय निघाली?"

"सांगून निघाली," सिस्टर म्हणाल्या.

तक्रार नोंदलेली नव्हती, त्यामुळे बातमी झाली नाही. पुढचे कित्येक रविवार सिस्टर डोंगराकडच्या वाड्यांवर विचारत फिरल्या. बाईचा पत्ता लागला नाही. वाडीत जी कोणी भेटेल तिला त्या एवढंच सांगत : हाड मोडलेलं असावं, नुसत्या पट्टीवर राहू नका, तिला दवाखान्यात न्या.