फिन गॅरिटीचा फटका

फिन गॅरिटी दिसायला अगदीच किरकोळ. बकलांच्या कारखान्यात पितळ घासून त्याची बोटं हिरवट पडली होती, आणि बेसबॉलचा पोशाख त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा लोंबायचा. तरी आमच्या हॅडली गावच्या पगारी संघात लागोपाठ तीन हंगाम सगळ्यात जास्त फटके त्याचेच. मी तिसऱ्या बेसवर, रेघेला लागून उभा राहायचो, म्हणजे सरावात त्याचा फटका सगळ्यात जवळून मीच पाहिला. पण तो कसा मारतो हे मला कधीच कळलं नाही, आणि ते मला अजून खातं.

मैदानावर फलंदाजापासून दोन बाजूंना, बेसांवरून जाणाऱ्या चुन्याच्या दोन रेघा असतात. चेंडूचा पहिला टप्पा त्यांच्या आत पडला की तेव्हा फटका खरा धरायचे, पुढे तो कुठेही जावो. बाकीचे दांडगे चेंडू लांब टोलवायचे. फिन बॅट वरून अशी काही खाली आणायचा की चेंडू त्याच्या पायाशीच, रेघेच्या आत आपटायचा आणि गरगरत बाहेर, थेट प्रेक्षकांच्या बाकांखाली. आम्ही बायकांच्या झग्यांच्या घोळात चेंडू शोधत असायचो, तोवर हा पळत पहिला बेस गाठून नाक पुसत उभा असायचा.

"ही चोरी आहे, चोरी!" परगावचे लोक ओरडायचे.

"मग तुम्हीही करा की. मी काय हात धरलेत तुमचे?" फिन म्हणायचा.

मी तर त्याचा पिच्छाच पुरवला होता. "फिन, मनगट वळवतोस की पाऊल?"

"तू घास तोंडात कसा घालतोस रे? आरशात बघून?"

अठराशे सत्त्याहत्तरच्या हंगामाआधी संघांच्या मालकांनी एका हॉटेलात बैठक घेऊन नियम बदलला. पहिला टप्पा आत पडूनही बेसच्या अलीकडेच चेंडू रेघेबाहेर गेला, तर तो फाउल. फटका बाद, पुन्हा मारायचा.

आमचा कप्तान बूथ मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "शनिवारी सरावाचा सामना आहे, फिन. एक सरळ फटका मारून दाखव. एकच. नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

दुसरा माणूस म्हणजे फिन परत कारखान्यात. पितळेच्या धुळीने त्याचा थोरला भाऊ खोकून खोकून गेला होता.

शनिवारी आम्ही आपसात दोन बाजू पाडल्या. मी फिनच्या विरुद्ध. पहिल्या दोन खेपांना त्याने सरळ मारायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चेंडू कोणाच्या तरी हातात अलगद दिला. पाहवत नव्हतं. तिसरी खेप शेवटची.

"खाली टाक," त्याने फेकणाऱ्याला सांगितलं. चेंडू हवा तसा मागायचा फलंदाजाला हक्कच होता.

चेंडू आला आणि त्याच्या हातांनी त्यांना येत होतं तेच केलं. आत टप्पा, गिरकी, आणि चेंडू माझ्यापासून चार हात दुरून बाकांखाली पळाला. इतका सुरेख फटका त्याने कधी मारला नसेल. मी नेहमीसारखा धावलो. लोकांनी टोप्या उडवल्या. बूथसुद्धा टाळ्या वाजवत होता.

आमच्याकडे फाउल असेल तरच पंच ओरडतो, खऱ्या फटक्याला गप्प राहतो. पंच होता बुटांचा दुकानदार ओबेड व्हीलॉक. फिनच्या या फटक्याला तीन हंगाम गप्प राहिला होता, तसाच आजही राहिला. जुन्या सवयीच्या भरात नवा नियम त्या घटकेला आम्हा कोणाच्याच ध्यानात नव्हता.

फिन पहिल्या बेसवर पोचला, थोडा थांबला, आणि चालत परत आला.

"साहेब, फाउल होता तो."

"कसला फाउल? आत पडला. मी डोळ्यांनी पाहिला," ओबेड म्हणाला.

"आत पडून बाहेर गेला. आता ते चालत नाही."

मी त्याला गप्प बस म्हणून खुणा करत होतो. त्याने पुन्हा बॅट उचलली, आणि पुढचा चेंडू त्याने उंच उडवला. तो शेंबड्या पोरानेही झेलला असता.

घरी जाताना मी भडकलोच. "डोकं फिरलंय का तुझं? कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं."

"म्हणून तर सांगावं लागलं." तो चक्क खुशीत होता. "अरे, मोठमोठी माणसं कोट घालून हॉटेलात बसली, कशासाठी? मला अडवायला. आणखी दोन-चार जण असतील माझ्यासारखे, पण मीही त्यात आहे ना. माझ्यासाठी केलेला नियम, आणि मलाच ठाऊक नसावा?"

सोमवारी भोंगा झाला तेव्हा तो कारखान्याच्या फाटकात हजर होता. माझी संघातली जागा पक्की होती, तरी मला त्याचा हेवा वाटला.