राणीची कंबर एक इंचानं वाढली

"आंटी, मला श्वास नाही येतोय," असं म्हणत तन्वी मटकन खाली बसली.

"बघा, ओरिजिनल इफेक्ट!" कुलकर्णी सर खूश. "त्या काळी बायका अशाच चक्कर येऊन पडायच्या. अजून चार इंच आवळा, ताई."

माझं डोकंच फिरलं. तेव्हा ओमानमध्ये, मस्कतजवळच्या बरका गावात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. मस्कतच्या एका भारतीय शाळेचं नाटक सर बसवत होते. तन्वी त्यात इंग्लंडची राणी. सरांनी तिच्यासाठी ऑनलाइन कॉर्सेट मागवला होता. कॉर्सेट म्हणजे पट्ट्या घातलेली, पाठीवर नाडीनं बांधायची चोळी. तो बांधून पोरीला गायचं होतं. दम पुरला नाही तर रोल दुसरीला, हे सरांनी आधीच सांगून टाकलेलं. पोरीचे डोळे भरून आले होते.

"सर, कॉर्सेट घालून तिथल्या बायका धुणीभांडी करायच्या. रोज चक्कर येऊन कसं चाललं असतं?"

"अहो, सिनेमात पाहिलंय मी!"

"आणि मी तीन वर्षं थिएटरचे कपडे शिवलेत. आठ दिवस द्या. नाही जमलं तर खुशाल रोल बदला."

ऑनलाइनचा कॉर्सेट बाजूला टाकला आणि तन्वीच्या मापाचा नवा शिवला. पट्ट्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून जाड केबल टाय आणले. इलेक्ट्रिशियन वायरी बांधतात ना, तेच. आत मऊ सुती सदरा, कारण कॉर्सेट कधी उघड्या अंगावर घालत नाहीत. मग खरी गंमत. कमरेखाली गोल कापसाची गादी बांधली, बाह्या फुगवल्या. वरखाली रुंदी वाढली की मधलं आपोआप बारीक दिसतं.

ड्रेस रिहर्सलला सर बघतच राहिले. "वा! आवळलंत ना शेवटी? वीस इंच नक्की!"

मी तन्वीच्या कमरेला टेप लावला. "वाचा आकडा."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सत्तावीस?"

"आधी सव्वीस होती. एक इंच सदऱ्याचा."

तन्वी खो खो हसली, आणि हसायलाही तिला दम पुरला. नाटकाच्या दिवशी तिनं तिन्ही कडवी म्हटली. शेवटचा सूर एवढा लांबवला, की पेटीवाले सरच थांबले. मी विंगेत उभी राहून चक्क रडले.

पुढच्या महिन्यात कुलकर्णी सर शेरवानी घेऊन दुकानात हजर. भाच्याचं लग्न होतं. पोटावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ताई, इथं जरा आवळता येईल?"

"आवळणं खलास, सर," मी म्हटलं. "खांद्यात कापूस भरते."