पासवर्ड विसरला नव्हता, दिलाच नव्हता

अन्याय झाला तो हिराबाईंवर आणि त्यांच्या सुकी मासळी गटातल्या सगळ्या बायकांवर. झाला होळीच्या आधीच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, मुरुडजवळच्या एका मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात. पंखा चालू होता, चहा आला होता. टेबलावर गटाचा लॅपटॉप, आणि स्क्रीनवर पासवर्डचा रिकामा चौकोन.

सोसायटीचे अध्यक्ष मला म्हणाले, "बायकांच्या हातात मशीन दिलं की हे असंच होणार. विसरल्या पासवर्ड. फॉरमॅट मारून टाक."

मी मुरुडला कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढते. अध्यक्षांना दोन्ही माहीत आहे. दुसरं आवडत नाही.

फॉरमॅट मारणं म्हणजे घराची चावी हरवली म्हणून घर पाडायचं आणि त्याच जागी नवं, रिकामं घर बांधायचं. दार उघडतं. आत काही नसतं.

या घरात फोटो होते. किनाऱ्यावरच्या ज्या मैदानात गटाच्या बायका बोंबील आणि जवळा वाळत घालतात, तिथे आता गाड्यांचं पार्किंग हवंय. मागणी एका लॉजवाल्याची. तो अध्यक्षांचा भाचा आहे, एवढंच सांगते, पुढचं तुम्ही समजा. शुक्रवारी तहसीलला सुनावणी होती. बायका तिथे वर्षानुवर्षं मासळी सुकवतात, याला पुरावा काय? तर हे फोटो. हिराबाईंच्या सुनेने, प्रज्ञाने, सगळ्यांच्या फोनमधून गोळा करून ते लॅपटॉपमध्ये भरले होते. त्यातले बरेच फोन आता खारी हवा खाऊन बंद पडलेत. म्हणजे फॉरमॅट मारला की मैदान गेलं.

हिराबाई तोवर दारात उभ्या होत्या. खुर्ची कोणी दिली नव्हती. त्या म्हणाल्या, "आमी इसरलो न्हाय, साहेब. आमाला पासवर्ड दिलाच कुनी न्हाय."

खरं होतं. चौकशी केली तेव्हा सगळं बाहेर आलं. लॅपटॉप योजनेतून आला, बायकांच्या गटाच्या नावाने. तो घेऊन आलेल्या एजन्सीच्या माणसाने मोबाईल नंबर लावला अध्यक्षांचा. कारण? "बायकांचे नंबर बदलत असतात." पासवर्डचा मेसेज गेला अध्यक्षांच्या फोनवर. तो मेसेज मी मागितला.

"तो फोन पाण्यात पडला," अध्यक्ष म्हणाले.

"आणि पासवर्ड?"

"एवढं कोण लक्षात ठेवतो?"

विसरले कोण, ते बघा. आणि बोल कोणाला लागला, तेही बघा.

मग आजवर लॅपटॉप उघडत कसा होता? बोटाने. कीबोर्डच्या कोपऱ्यात बोटाचा ठसा वाचणारा छोटा सेन्सर होता. एजन्सीच्या माणसाने आधी हिराबाईंचं बोट लावून बघितलं. घेतलं नाही. मग एकेक करून सगळ्यांचं. कोणाचंच नाही. कोळंबी सोलून, बर्फात आणि मिठात हात घालून या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनला तिथे कोरा कागद दिसतो. शेवटी प्रज्ञाचं बोट लागलं. ती पालीची, शेतकऱ्याच्या घरची. कोळंबी सोलायला लग्नानंतर शिकली.

ती चांगलीच शिकली आणि तिचंही बोट लागेनासं होत आलं. तेव्हा बायकांनी स्वतःचा उपाय काढला. एकदा उघडला की लॅपटॉप बंदच करायचा नाही. प्रज्ञाने सेटिंग बदलून दिलं, चार्जर कायमचा लावून ठेवला, वर स्वच्छ टॉवेल. देव्हाऱ्यातल्या समईसारखा तो अखंड चालू. प्रज्ञा बाळंतपणाला माहेरी गेली तरी चालूच होता. मग शनिवारी लाइट गेली ती रविवारी आली. बॅटरी तेवढी थांबली नाही.

आता माझं काम. फॉरमॅट न मारता आत जायचा एक रस्ता असतो. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं आणि पासवर्ड पुसून टाकायचा. जुन्या मशीनवर चहा निवायच्या आत होतं. इथे डिस्क एन्क्रिप्टेड निघाली. म्हणजे आतलं सगळं कुलूपबंद, आणि ते एका लांबलचक आकड्याशिवाय वाचता येत नाही. त्या आकड्याला रिकव्हरी की म्हणतात. ती एजन्सीकडे. फोन लावला.

"की ऑथोराइज्ड पर्सनलाच मिळेल, मॅडम."

"इथे ऑथोराइज्ड कोण?"

"सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचा अर्ज येऊ द्या, होळीनंतर बघू."

अध्यक्षांना विचारलं. तेही म्हणाले, होळीनंतर बघू. सुनावणी होळीच्या आधी.

मी प्रज्ञाला फोन केला. तिला आठवा महिना चालू होता, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. तीच म्हणाली, "ताई, उगाच खेप कशाला? माझं बोट तर मी तिथे होते तेव्हाच लागत नव्हतं."

पण मला आमचं रेशनचं पत्रक आठवलं. अंगठा लागत नाही म्हणून धान्य मिळत नाही, यावर आम्ही घरोघर फिरून बायकांशी बोललो होतो. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं होतं की पावसाळ्यात मासेमारी बंद असली की अंगठा पुन्हा लागायला लागतो. कातडी आहे ती. काम थांबलं की भरून येते. आणि पहिलटकरणीला माहेरी कोण कोळंबी सोलायला बसवतं?

बोट मशीनकडे येत नाही, तर मशीन बोटाकडे न्यायचं. बुधवारी सकाळी मी आणि हिराबाई एसटीने निघालो. सुनेकडे रिकाम्या हाताने कशा जातील? लॅपटॉपच्या पिशवीबरोबर सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, भलीमोठी पिशवी. रोह्याला गाडी बदलली तर कंडक्टरने नाकाला रुमाल लावला.

"मावशी, ते वासाचं सामान डिकीत टाका."

"ती पिशवी टाक रं. ही न्हाय टाकायची. यात आमचं मैदान हाय."

त्याला काही कळलं नाही. पण लॅपटॉप मांडीवरच राहिला.

पालीला पोचल्यावर आधी सेन्सर पुसला. त्यावर मिठाचा पातळ थर होता. प्रज्ञाने साबणाने हात धुतले, कोरडे केले, बोट ठेवलं. नाही. पुन्हा ठेवलं. नाही. हिराबाईंनी पदराला गाठ मारली. प्रज्ञाची आई म्हणाली, "अगं, घाबरून किती दाबतेस! हलकं ठेव." प्रज्ञाने हलकं ठेवलं.

उघडलं.

प्रज्ञाने पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता बंद करू नका हं."

मी लगेच कामाला लागले. पहिल्यांदा सगळे फोटो दोन पेन ड्राइव्हवर उतरवले. दार उघडं असतानाच सामान बाहेर काढायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. प्रज्ञाच्या बोटाने उघडलेलं ते अकाउंट अॅडमिनचं होतं, म्हणजे मशीनच्या मालकाचे हक्क त्याला होते. त्या हक्काने जुना पासवर्ड न देताही नवा घालता येतो. अध्यक्षांचा नंबर काढला, हिराबाईंचा लावला. रिकव्हरी की छापून घेतली, ती आता त्यांच्या ट्रंकेत आहे. नवा पासवर्ड हिराबाईंनी स्वतः टाइप केला, एकेक अक्षर शोधत. मी तोंड फिरवून बसले.

शुक्रवारी तहसीलला फोटो दाखवले गेले. पार्किंगची मागणी तूर्त थांबली, मैदानाची मोजणी होईपर्यंत मासळी तिथेच वाळणार. मी याला विजय म्हणत नाही. अध्यक्ष बाहेर भेटले. म्हणाले, "बरं झालं, मिळाला एकदाचा. पासवर्ड मलापण देऊन ठेवा, परत विसराल."

हिराबाई म्हणाल्या, "होलीनंतर बघू."

यातून शिकायचं एवढंच की ज्याला पासवर्ड सांगितलाच नाही तो विसरू शकत नाही. आता हे वाचून मान डोलावू नका. तुमच्या घरात आईच्या, बायकोच्या, सुनेच्या नावाने खातं असेल, रेशन कार्ड असेल, गॅस असेल. त्याला मोबाईल नंबर कोणाचा लावलाय? उठा आणि बघा. तुमचा असेल तर आजच काढा, आणि तिचा लावा.