लेकरांची फी आणि बापाची सूट

आयकराचं रिटर्न भरून देणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही राजेहो, जुलै आला की ते आपल्या पायांनी जिना चढून येतात. भंडाऱ्यात माझं छोटंसं ऑफिस आहे. मी आणि टायपिंगला सुनंदाताई. तिथं फीच्या पावत्या निघाल्या की बापलोकांना शिक्षणाचा एकाएकी असा कळवळा येतो की बस!

* * *

कारध्याचे एक गुरुजी. जुन्या पद्धतीनं रिटर्न भरलं तर दोन लेकरांच्या ट्युशन फीची सूट मिळते. यांना लेकरं तीन.

"कोणती दोन धरू?" मी विचारलं.

"मोठा सोडा. यंदा नापास झाला."

"अहो गुरुजी, त्याचीच फी सगळ्यात जास्त आहे!"

"असू द्या. त्याच्यावर सरकारचा पैसा कायले वाया घालवता?"

* * *

एक किराणावाले शेठ पोराच्या शाळेची लांबलचक पावती घेऊन आले. इमारत निधी, विकास निधी, बस, स्नेहसंमेलन! मी म्हटलं, "शेठ, यातलं काही चालत नाही. सूट फक्त शिकवण्याच्या फीवर."

पावतीत शोधत शोधत खालच्या ओळीपर्यंत गेलो. ट्युशन फीचा आकडा सगळ्यात लहान निघाला. शेठ भडकले, "एवढीशीच काहून लिहिली?"

सुनंदाताईंनी मान वर केली नाही. "जेवढं शिकवतेत तेवढंच लिहिलं न भाऊ!"

* * *

एकोडीचा एक क्लार्क बायकोला घेऊन आला. तिच्या बी.एड.ची फी त्याला सवलतीत टाकायची होती. मी सांगितलं, लेकरांची फी चालते, बायकोची नाही. गड्याला दुःख व्हायला पाहिजे होतं, पण तो खूश!

"पाह्य! मी म्हणत होतो न? सरकारबी नाही म्हणून राहिलं!"

ती माउली शांतपणे म्हणाली, "सरकार सूट देत नाही म्हणते. फी भरू नोका असं कुठं म्हणते? चला, उद्या शेवटची तारीख हाय."

* * *

एका बापाच्या पोराला मोठी स्कॉलरशिप लागली. मी आनंदानं सांगितलं, "काका, स्कॉलरशिपवर टॅक्स नाही!" काकांचं तोंड उतरलं.

"थोडासा तरी लावा न साहेब. पोरगं टॅक्स भरते म्हणून गावभर सांगून बसलो मी!"

* * *

आणि हे आंधळगावचं. रामभाऊ कोशाच्या रेशमी साड्यांचे व्यापारी, माझे जुने पक्षकार. त्यांची पल्लवी स्कॉलरशिपवर पीएच.डी. करते. तिला पाहायला नागपूरचे पाहुणे आले, मुलगा आणि त्याचा बाप, आणि त्यांनी चहाच्या आधी मुलीचं रिटर्न मागितलं! आता स्कॉलरशिप करमुक्त, म्हणून एकूण उत्पन्न शून्य. ते समजावून सांगायला रामभाऊंनी मला बोलावून घेतलं.

मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. मुलाच्या बापानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं बरोबर हाय हो. पण शून्यासाठी पोरीनं डोळे फोडायचे कायले? लग्न झाल्यावर हे शिकणं बंद."

पल्लवीचा प्रबंध अर्ध्यावर आला होता. तिनं बापाकडं पाहिलं. रामभाऊ म्हणजे चांगलं स्थळ हातचं जाईल या धास्तीनं अर्धे झालेले, त्यांनी चक्क होकाराची मान हलवली! मला अस्सा संताप आला म्हणता!

"मुलाचंही रिटर्न दाखवा की," मी म्हटलं.

"दाखवतो न! आमचा एजंट लय हुशार हाय. दरसाल रिफंड काढून देते!" बापानं मुलाचा मोबाइल घेऊन पुढं केला. रिटर्नसोबत एजंटनं केलेला सगळा हिशेबही होता.

मी हात पुढं केला, पण मोबाइल पल्लवीनं घेतला. सावकाश वाचत गेली. पगार वाचला, विमा वाचला, मग सवलतींमध्ये ट्युशन फीच्या ओळीवर थांबली. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

मग पदर सावरून नवरदेवाला अगदी अदबीनं विचारलं, "तुमची दोन्ही लेकरं कितवीत आहेत?"