मामीचा पाव सेकंद

माझा मामा नाटकांना आवाज पुरवायचा. नटांचे नव्हे, बाकी सगळे. करकरणारं दार, वादळ, घोडे, दूरची तोफ. हे सगळं मागच्या खोलीत व्हायचं. खिडकीला रजया, दाराला उभी गादी आणि रेकॉर्डिंगआधी फ्रिज बंद, कारण तो गुरगुरतो. नंतर तो चालू करायचं भान मामाला कधीच राहायचं नाही. दूध नासलं की मामी घर डोक्यावर घ्यायची. सुट्टीतले ते दिवस आठवले की माझे पाय अजून आपोआप चवड्यांवर चालू लागतात.

तांब्याला चमचा लागल्याचा इवलासा आवाज तो टेपवर घ्यायचा, टेप सावकाश फिरवायचा आणि त्याची भलीमोठी घंटा व्हायची. "आवाज ताणला की त्याच्या पोटातलं बाहेर येतं," असं म्हणायचा. मला ती चक्क जादू वाटायची.

तोवर बाकी घराच्या तोंडाला कुलूप. मामी मात्र कुणाला भीक घालायची नाही. काम संपलंसं वाटलं की गादी बाजूला सारून, मशीन चालू असतानाच विचारायची, "झालं?" मामा उत्तर द्यायचा नाही. नंतर ब्लेडनं टेपचा तेवढा तुकडा कापून जमिनीवर टाकायचा. संध्याकाळी मामी झाडू घेऊन ते तुकडे गोळा करायची. चाळीस वर्षं ती स्वतःचाच आवाज केरात टाकत होती आणि आम्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मूर्ख होतो सगळे.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. ती पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागली. भांडणसुद्धा पाटीवर. घाईत अक्षर बिघडलं की मामा हसायचा, त्यावरून आणखी एक भांडण. पण तो आतून पार हलला होता. कपाटात तीनशे टेपा आणि बायकोचा आवाज एकीवरही नाही! घरगुती बडबडीवर टेप घालवणं त्याला उधळपट्टी वाटायची.

"मी विसरत चाललोय गं," एकदा तो मला म्हणाला. "काय बोलायची ते आठवतं. कशी बोलायची, ते जातंय."

दोन महिने तो टेपा ऐकत होता. शेवटी एका वादळाच्या टोकाला ब्लेड जरा उशिरा पडलेलं सापडलं. 'झा'. पाव सेकंद. पुढचं 'लं' केव्हाच केरात गेलेलं.

"हिचाच," मामा म्हणाला आणि त्यानं टेप मागे घेऊन पुन्हा लावली.

टेप सावकाश फिरवली तर आवाज जाडाभरडा झाला, मामीऐवजी तिचा थोरला भाऊ बोलल्यासारखा. म्हणून मी माझा कॉम्प्युटर नेला. त्यात आवाजाचे बारीक दाणे करता येतात. एकेक दाणा पुन्हापुन्हा, पुढच्यावर थोडा चढवून वाजवला की आवाज लांबतो आणि पट्टी तीच राहते. मामा धान्य निवडावं तसे दाणे निवडू लागला. आधी नुसती थरथर ऐकू यायची. मग हळूहळू त्यात गळा आला.

"'लं' मी म्हणते, जोडून टाक," मी म्हटलं.

"ते तुझं होईल," तो खेकसला. "मला हिचं हवंय."

माझी चूक होती, पण राग आलाच.

बारा सेकंद तयार झाले तेव्हा त्यानं मामीला आत बोलावलं, गादी लावली, फ्रिज बंद केला आणि सवयीनं रेकॉर्डरही सुरू केला. स्पीकरमधून लांबच लांब 'आ' आला. शब्द कुठला, पण ती मामीच होती. तिची ती उतावीळ, अर्धवट रागावलेली पट्टी. मला रडू फुटलं. मामीचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

आवाज संपला. मामाचं बोट रेकॉर्डर बंद करायला निघालं, तेवढ्यात मामीनं पाटी ओढली. पेन्सिल कुरकुरली. तिनं पाटी त्याच्यापुढे धरली.

"झालं?"

मामानं बोट मागे घेतलं.

"नाही, अजून नाही," तो म्हणाला. "लिही. काहीही लिही."