पंख्याआधी टाकी न्हाई

परभणीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलायच्या जॅकच्या दांड्यांना क्रोम चढवायचं काम. दांडे क्रोमच्या तेजाबाच्या टाकीत सोडून करंट दिला की पिवळी वाफ उठती. ती नाकात गेली की आतून जळतं.

टाकी सांभाळायला आमचे म्हातारे उस्ताद. त्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला या वाफेनं आरपार भोक पडलेलं. नवा माणूस आला की त्यातून दोरा ओवून दाखवायचे. "हे बग माझं सर्टिफिकेट!" सगळे हसायचे. मी बी हसले. आता लाज वाटती.

मग नियम आला. टाकीवर हूड पाहिजे, पंख्यानं वाफ ओढून, पाण्यात धुऊनच बाहेर सोडायची. शेठनं सगळं बसवलं. तपासणीचे साहेब आले, पंखा घुमला, सही झाली. साहेब गेले की पंखा बंद! कारण काय, तर उस्तादांना टाकीचा वास घ्यावा लागतो. वासावरून त्यांना कळतं म्हणे, माल कसा उतरणार ते. "पंखा लावला तर मी आंधळा," म्हणायचे.

एका सकाळी दांडे टांगता टांगता माझ्याच नाकातून रक्त आलं. पदर भरला. डोस्कंच फिरलं माझं. म्हणलं, आधी पंखा, मग दांडे.

शेठ म्हणला, "मग घरी जा. जिंतूरच्या गाडीतून रोज धा बाया काम मागायला उतरायल्यात."

"उतरू द्या की. त्यांना बी नाकच हाय ना?"

उस्ताद मधी पडले. "पोरी, वास घेतल्याबिगर माल न्हाई निघत."

मी खुंटीवरचा त्यांचाच डबा काढला. "डोळे मिटा," म्हणलं, अन् झाकण काढून नाकाखाली धरला. त्यांच्या कारभारणीनं सकाळीच कुटलेला लसणाचा ठेचा. हात लांब करून धरला तरी माझ्या डोळ्याला पाणी यायलं होतं.

"काय हाय सांगा."

त्यांनी लांब श्वास घेतला. "आपली टाकीच की. दुसरं काय?"

कुणी हसलं न्हाई. त्यांनी डोळे उघडले, डबा बघितला. मग उठले अन् शेठच्या देखत पंख्याचं बटन दाबलं. त्या दिवशीचा माल त्यांनी टाकीचा रंग बघून काढला. चांगला निघाला.

आता दुपारी डबा आधी माझ्यापुढं सरकवतात. "काय दिलंय गं तिनं?" मी हुंगून सांगते, मेथी हाय, पिठलं हाय. माझं नाक शाबूत हाय तवर तो पंखा बंद करून दाखवा कुणी!